मावशीचा हॉर्न

गाडी मेली हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न मी दादाला निदान पन्नासदा विचारला असेल. त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. नुसता हसायचा, गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "फिरव."

आता दादाच नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. माहीत असेल तर सांगा. नसेल तर चहा घ्या, गार होतोय, आणि मी काय दिवे लावले ते ऐका. हसू आलं तर खुशाल हसा. या गोष्टीत गाढव एकच आहे, आणि ते तुमच्यासमोर बसून बशीतून चहा पितंय.

आम्ही अंधेरीचे. कुर्ला रोडच्या अंगाला आमची चाळ. घरात आई, मोठा भाऊ वसंतदादा, त्याची बायको सुधावहिनी आणि मी बबन. दादा कारखान्यात फिटर. मी चौथीत शाळेला रामराम ठोकलेला, कुठे टिकत नसलेला. दादाला व्यसन एकच, जुन्या गाड्या. लोक गाडी भंगारात घालायला निघाले की हा वाटेत उभा! कवडीमोलाने घ्यायची आणि शेवटचा नट गळून पडेपर्यंत चालवायची.

पहिल्या गाडीचा तळ मरोळ नाक्यावर पडला. पुढे दादाने ती महिनाभर पाय दांड्यावर ठेवून चालवली. दुसरीचं मागचं चाक पार्ल्याजवळ सुटलं आणि आमच्या पुढे निघून गेलं. आम्ही शोधत शोधत गेलो तर ते पानवाल्याच्या ठेल्याला टेकून उभं. पानवाला म्हणतो, "केव्हाचं येऊन थांबलंय. तुम्हालाच उशीर झाला."

तिसरी ही मावशी. नाव दादानेच ठेवलेलं. "रुसते, कण्हते, पण वेळेला धावून येते, मावशीच ती!" उघडी विलायती गाडी, वर कॅनव्हासचा फाटका टप. रेडिएटर गळायचा म्हणून दादा त्यात हळद टाकायचा. पेट्रोलची टाकी गळायची तिथे अंगाचा साबण थापलेला. एक दार काथ्याने बांधलेलं. रस्त्याने गेली की मागे हळदीचा आणि साबणाचा वास, जणू कोणाची तरी आंघोळ घालून वरात चाललीय. हॉर्नचं बटण स्टीअरिंगच्या मधोमध. त्याची स्प्रिंग मोडली तेव्हा दादाने बॅटरीच्या दिव्यातली नाजूक स्प्रिंग काढून बसवली. नुसतं बोट टेकवलं की "पों!"

रोज साडेपाचला कारखान्यातून येताना दादा वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा. पों, पों. की आत वहिनी चहाचं आधण ठेवायची.

माझं मावशीशी नातं मागच्या बाजूचं. ढकलायचं. तिचं मागचं तोंड मी जितकं ओळखत होतो तितकं पुढचं नाही.

आणि मग दादाला ताप आला. तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी डोळे वेगळेच दिसायला लागले. आम्ही त्याला उचलून मावशीत ठेवलं, शेजारी वहिनी, चालवायला अंतोन. हा अंतोन मरोळ गावठणातला मिस्त्री, दादाचा जिवलग. मी हँडल हातात घेतलं. जी गाडी कधी वीस फेऱ्यांशिवाय जागी झाली नाही, ती पहिल्याच फेरीला सुरू झाली. पहिल्याच! दादा तापात हसला. "बघ," म्हणाला, "आणि तू भंगार म्हणत होतास."

तो घरी आला नाही. मावशी आली.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवले. मुलगा नव्हता म्हणून सगळं मीच केलं. मुंडण केलेलं डोकं उन्हात तव्यासारखं तापलेलं. समोरच्या झाडावर दहा-बारा कावळे. बघतायत, मान वाकडी करतायत, पण उतरत नाहीत.

गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय. बोला."

मामा पुढे झाले. "वसंता, तुझ्या आईला अंतर देणार नाही."

कावळे ढिम्म.

"वसंता, सुधाला लेकीसारखी सांभाळू."

ढिम्म. एकाने तर चोच पुसली.

अर्धा तास गेला. गुरुजींनी हळूच दर्भ उचलले आणि गवताचा कावळा वळायला घेतले. माझ्या दादाला गवताचा कावळा? ज्याने आयुष्यात एक गोष्ट अर्ध्यात सोडली नाही त्याला? तेवढ्यात लांब कारखान्याचा भोंगा वाजायला लागला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी हात वर करून ओरडलो, "दादा, तुझी मावशी मी भंगारात घालणार नाही! मी चालवीन!"

भोंगा थांबायच्या आत एक कावळा खाली आला. पिंडाला शिवला. सरळ. कोणी बोलावल्यासारखा.

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी म्हणाले, "आता हा शब्द मोडू नकोस हो. मोडलास तर तो अडकून राहील."

झालं! चाळभर बातमी. आईने दारातच मला पोटाशी धरलं. "बबन्या, तुझ्या शब्दावर शिवला रे!" वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला राग आला. वाटलं, हिला आनंद कसा नाही?

तेराव्यानंतर मी अंतोनला बोलावलं. त्याने मावशीचं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि टोपी काढली. म्हणजे खरोखरच काढली.

"बबन, ही गाडी नाय रे. ही राख हाय."

"चालली पाहिजे. शब्द दिलाय."

"कोणाला?"

"कावळ्याला."

अंतोनने माझ्याकडे बघितलं. "मग कावल्यालाच ढकलायला बोलव."

पण माणूस भला. बॅटरी चार्ज करून आणून बसवली, हे घासलं, ते पिळलं. मावशी खोकली, थरथरली, मेली. अंतोन म्हणाला, "बसून रहा हिच्यात. चालवू नको. ब्रेक मारायचा असेल तर आदल्या दिवशी देवाला सांगावं लागेल."

मी बसायला लागलो. चाळीच्या मागे चिंचेखाली ती उभी. संध्याकाळी मी कागदात कांदाभजी घेऊन दादाच्या सीटवर बसायचो. दादाला भजी फार. दोन मी खायचो, दोन त्याच्या नावाने स्टीअरिंगजवळ ठेवायचो. वेडेपणा? असेल. तुमचा भाऊ गेलाय का? मग गप्प बसा आणि ऐका.

चार-पाच दिवसांनी मला घरी यायला उशीर झाला. भजी न घेताच आलो. आम्ही तिघं चहाला बसत होतो. मी हातातल्या दादाच्या घड्याळात बघितलं. साडेपाच.

मागून आवाज आला. पों. थोडं थांबून, पों.

काय सांगू! वहिनीने फडताळातून कप काढले होते. मी मोजले. चार. आवाज येताच हात आपोआप चौथ्या कपाकडे गेला होता तिचा. तिने तो कप हातात धरून ठेवला, मग हळूच परत ठेवला. बशी मात्र बाहेरच राहिली.

मी धावत मागे गेलो. गाडीत कोणी नाही. आसपास कोणी नाही. चिंचेवर नेहमीचे कावळे, बाकी पानही हलत नव्हतं. स्टीअरिंगला हात लावला तर गरम. उन्हाने असेल. पण तेव्हा कोणाला ऊन आठवतं?

मी तसाच कोपऱ्यावर पळालो, भजी आणली आणि सीटवर ठेवली. हात जोडले. मागे वळून न बघता आलो. अर्ध्या तासाने बघतो तर कागद रिकामा!

दुसऱ्या दिवशी साडेपाच. पों, पों. मी भजी घेऊन हजर. तिसऱ्या दिवशीही तेच. एक दिवस पावणेसहा झाले, भजीवाल्याचं तेल तापलं नव्हतं, तर पों पों पों पों! आई म्हणाली, "पळ रे, भूक लागलीय त्याला." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आवाज झाला की वहिनी खिडकी लावून घ्यायची. रोज. धाडकन.

चाळीत कुजबुज सुरू झाली. बायका मागच्या नळावर एकेकट्या जाईनात. शेजारचे तात्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, भुताखेतावर विश्वास नाही असं सांगत आयुष्य काढलेला माणूस. ते एक दिवस साडेपाचला माझ्याबरोबर भिंतीआड उभे राहिले. हॉर्न वाजला. तात्या पुढे झाले का? छे! चप्पल सोडून घरी गेले. चप्पल मीच पोचवली.

दारातून, मला आत न घेता, तात्या म्हणाले, "बबन, तू चालवीन म्हणालास. नुसती उभी ठेवलीस. म्हणून तो हाका मारतोय. गाडी फिरली पाहिजे. त्याला आवडायचं तिथे ने एकदा."

दादाला आवडायची आरे कॉलनी. रविवारी आम्हाला सगळ्यांना घेऊन जायचा, टेकडीवरच्या बागेत बसवायचा, गार दूध पाजायचा. मी ठरवलं, महिन्याच्या श्राद्धानंतरच्या रविवारी मावशी आरेला न्यायची. लायसन? हसा. अंतोनला विचारलं? नाही विचारलं. मी आजवर एकच गोष्ट विचारली आणि तिचं उत्तर मला मिळालं नाही.

रविवारी पाच वाजता चाळीतल्या पोरांनी धक्का मारला. मावशी सुरू झाली. मी हुरळलो. इतक्यात वहिनी बाहेर आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. काथ्या सोडून दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली.

"वहिनी, तू?"

"तुम्ही जाणार असाल तर मी येणार."

"अगं पण..."

"चला भाऊजी." एवढंच. आवाज असा की आईही गॅलरीतून आत गेली.

मरोळपर्यंत ठीक. पुढे झाडी लागली आणि सगळे आवाज मागे राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मावशी कण्हत चाललेली, वहिनी समोर बघत बसलेली. आणि मला मागच्या सीटची स्प्रिंग ऐकू यायला लागली. कुर्र. थोड्या वेळाने, कुर्र. मागे माणूस बसला आणि त्याने कूस बदलली की होतो तसा. सपाट रस्त्यावर! मी आरशात बघितलं नाही. खरं सांगतो, आरसा होता, पण मी बघितलं नाही. वहिनीनेही मागे वळून बघितलं नाही. पण तिने पदर घट्ट ओढून घेतला, म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

मी हळूच म्हणालो, "दादा, बरं वाटतंय ना?"

कुर्र.

आणि उतार लागला.

मी ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला. गेला तो गेलाच, पाण्यात गेल्यासारखा. काही लागलंच नाही. मावशी वेग घ्यायला लागली. इतक्या वर्षांत तिने असा वेग कधी घेतला नव्हता, कसला तरी आनंद झाल्यासारखी धावली! झाडं दोन्ही बाजूंनी मागे पळतायत, खाली वळण, वळणापलीकडे दरड.

"वहिनी, उडी मार!"

"नाही."

"अगं ब्रेक नाहीत!"

"माहीत आहे!"

माहीत आहे? पण विचारायला वेळ कुठे! वळणाच्या आतल्या बाजूला म्हशींसाठी कापलेल्या हिरव्या गवताचा डोंगर रचलेला होता. मी डोळे मिटले आणि स्टीअरिंग तिकडे फिरवलं.

धप्प.

मग इतकी शांतता की स्वतःचे कान ऐकू यावेत. रेडिएटर फुटून पिवळी धार लागली होती. वाफेला हळदीचा वास. माझ्या तोंडात गवत. वहिनीच्या डोक्यावर भारा. कुंपणापलीकडून सात-आठ म्हशी आमच्याकडे बघत होत्या, आणि एक राखणदार लांबून ओरडत येत होता, "ओ! गुरांचं खाणं आहे ते! गाडीला कशाला चारताय?"

वहिनीने गवत बाजूला केलं. लागलं नव्हतं कोणालाच. ती रडत होती की हसत होती कळेना.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दवाखान्यात ह्यांनीच सांगितलं होतं. शेवटचं तेवढंच बोलले. म्हणाले, ब्रेक पार गेलेत. गाडी भंगारात घाल. बबनला तिच्यात बसू देऊ नकोस. तो ऐकणार नाही, पण तू बसू देऊ नकोस."

मी तोंडातलं गवत थुंकलं.

"दहाव्याला तुम्ही सगळे तळ्यावर. मी आतल्या खोलीत एकटी. भोंगा वाजला तेव्हा मी ह्यांच्या फोटोला हात जोडून म्हणाले, घालीन भंगारात. भाऊजींना बसू देणार नाही. आणि तुम्ही घरी आलात ते सांगत, की भोंगा वाजताना तुमच्या शब्दावर कावळा शिवला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सासूबाई किती दिवसांनी जेवल्या होत्या. आणि रोज तो हॉर्न वाजायचा. मला वाटायचं, माझ्यावर रागावून वाजवतायत. शब्द दिलास आणि पाळत नाहीस म्हणून."

बघा! एकच हॉर्न. मला वाटत होतं शाबासकी, तिला वाटत होतं शिक्षा. पंधरा दिवस एका घरात आम्ही दोघं त्याच्याखाली बसलो होतो आणि एकमेकांना विचारलं नव्हतं.

"म्हणून आज आलीस?"

"बसू द्यायचं नव्हतं. तुम्ही बसलातच. मग एकटं कसं सोडू?"

तेवढ्यात टपाच्या फाटक्या भागातून काहीतरी काळं आत आलं. कावळा. आमच्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि ऐटीत स्टीअरिंगवर बसला. स्टीअरिंगच्या खाचेत जुन्या भजीचा चुरा होता. तो टिपायला एक पाय मधल्या बटणावर ठेवला.

पों.

चुरा गिळला, दुसरा पाय ठेवला.

पों.

आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. भजी कुठाय?

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने माझ्याकडे. आणि ती हसली हो! तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत, गवतात लोळायची बाकी. मीही हसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणजे पंधरा दिवस कावळा हॉर्न वाजवत होता आणि मी भजी घेऊन धावत होतो. मला वाटत होतं मी दादाची सेवा करतोय. प्रत्यक्षात चाळीतल्या एका कावळ्याने मला शिकवून तयार केलं होतं!

हसून झाल्यावर वहिनी म्हणाली, "पण भाऊजी..."

"काय?"

"तो अंधेरीचा कावळा. हा आरेचा."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी घड्याळात बघितलं.

साडेपाच.

"आणि कावळाच होता म्हणता," ती हळूच म्हणाली, "मग हे नव्हतेच, असं कसं म्हणता? दहाव्याला कोणाला बोलावतो आपण?"

सांगा. आहे उत्तर? तात्यांना विचारलं तर त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंतोनने ट्रक आणला आणि मावशीला दोर लावून कुर्ल्याला नेलं. मी ट्रकमध्ये त्याच्या शेजारी. वाटेभर तो तोंडाने माझी आई, आजी, पणजी उद्धारत होता, आणि मधूनच टोपीने डोळे पुसत होता. भंगारवाल्याच्या आवारात गाड्यांचे सांगाडे एकावर एक रचलेले. भरदुपार, पण तिथे सावलीच जास्त. तिथल्या माणसांनी बॅटरी काढली, टप काढला. एकाने विचारलं, "काय ठेवायचं असेल तर घ्या." मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या."

मी दादाच्या सीटवर कागद पसरला. चार भजी ठेवली. चार पावलं मागे झालो. वर तारेवर कावळे होतेच.

शिवेनात.

"दादा, वहिनीचं ऐकेन."

ढिम्म.

"आईला कधी सांगणार नाही, भजी कोण खायचं ते."

ढिम्म. बटण दाबून बघितलं. बॅटरी नाही, आवाज कुठला! मग मीच तोंडाने केलं, "पों, पों." दोन हमाल काम थांबवून माझ्याकडे बघायला लागले. अंतोन दुसरीकडे बघायला लागला.

मग मला सुचलं, काय राहिलं असेल ते. मी मावशीच्या मागे गेलो, नेहमीच्या जागी दोन्ही हात टेकवले, आणि म्हटलं, "दादा, गाडी मेली. मला कळलं. आता नाही विचारणार."

थांबलो. बराच वेळ थांबलो. एकही उतरला नाही. कावळ्यांनी बघितलं, अंतोनने घड्याळ बघितलं, भजी गार झाली. दर्भ आणायला तिथे गुरुजी नव्हते.

शेवटी मीच भज्यांना शिवलो.